दाराच्या आतली पट्टी

मोटारीच्या दाराचं आतल्या बाजूचं अस्तर काढलं, की खाली दिसतो नुसता पत्रा, काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि बरीचशी पोकळी. १९८४च्या सुमारास कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क अशा ठिकाणच्या कित्येक गॅरेजांमध्ये हेच काम चालू होतं. समोर जर्मनीहून जहाजाने आलेली, जवळजवळ कोरी मर्सिडीज उभी असे. फिटर तिची दारं उघडी करी, आतल्या पोकळीत एक आडवी पोलादी पट्टी वेल्डिंग करून बसवी, तिचा फोटो काढी आणि अस्तर पुन्हा लावून टाकी. काम झाल्यावर गाडी बाहेरून होती तशीच. पट्टी आत आहे याचा पुरावा म्हणजे तो फोटो, आणि फोटो याच गाडीचा आहे की शेजारच्या, याचा पुरावा कुठेच नाही.

परदेशातून खाजगीरीत्या आणलेल्या गाड्यांच्या सुरक्षिततेवर सरकारने लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न या पट्टीपाशी येऊन अडतो. चुकवलेला कर हिशेबात सापडतो. धूर नळीला यंत्र लावून मोजता येतो. सुरक्षितता मात्र अपघात होईपर्यंत दिसत नाही, आणि अपघातानंतर ती पाहून फारसा उपयोग नसतो.

त्या गाड्या अमेरिकेत आल्या डॉलरच्या जोरावर. १९८० साली एका डॉलरला साधारण १.८ जर्मन मार्क मिळत. १९८५च्या सुरुवातीला जवळजवळ ३.४. मार्कांत किंमत असलेली गाडी डॉलर कमावणाऱ्याला पाच वर्षांत अर्ध्या भावात पडू लागली. मर्सिडीजच्या अमेरिकेतल्या कंपनीने आपले डॉलरमधले भाव काही त्या प्रमाणात खाली आणले नाहीत. त्यात भर म्हणजे जर्मन रस्त्यांवर धावणारी ५०० एसईएल ही दणकट गाडी अमेरिकेत १९८४च्या मॉडेलपर्यंत विकलीच जात नव्हती. तिथल्या ग्राहकाला मिळायची ती ३८० एसईएल, तीही प्रदूषणाच्या नियमांपायी ताकद दीडशे-एक अश्वशक्तीवर उतरवलेली. मग चार पैसे राखून असलेल्या माणसाने स्टुटगार्टहून थेट गाडी उचलली आणि जहाजावर चढवली, यात नवल ते काय! १९८० साली अशा गाड्या हजार-दीड हजार होत्या. १९८५ साली त्यांनी साठ हजारांचा आकडा ओलांडला. या धंद्याला नाव पडलं ग्रे मार्केट. काळा नाही, कारण यात बेकायदा काही नव्हतं; आणि पांढरा म्हणावा, तर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का नव्हता.

कायदेशीर होतं ते कसं, यासाठी १९६६ सालात जावं लागतं. आदल्या वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाने अमेरिकन मोटारी कशा धोकादायक आहेत यावर पुस्तक लिहिलं होतं. जनरल मोटर्सने त्याच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. पुस्तकाने झालं नसतं तेवढं काम त्या हेरगिरीने केलं. सप्टेंबर १९६६मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९६८पासून केंद्राची सुरक्षा मानकं लागू झाली, आणि ती राबवण्यासाठी १९७०मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन उभं राहिलं. एनएचटीएसए या आद्याक्षरांनी ओळखलं जाणारं खातं ते हेच.

या कायद्याची एक खोच आहे. युरोपात आणि आपल्याकडेही पद्धत अशी, की कंपनीने गाडीचा नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेत न्यायचा, तिथे तो तपासला जायचा, मंजुरीचा कागद मिळाला की विक्री सुरू. अमेरिकेत अशी पूर्वमंजुरी नाहीच. कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करायचं, की ही गाडी तयार झाली त्या दिवशी लागू असलेली सगळी मानकं ती पाळते. दाराच्या चौकटीला तशी चिठ्ठी डकवायची, बस्स. नंतर सरकार बाजारातून स्वतः गाडी विकत घेऊन फोडून बघेल, आणि खोटं निघालं तर कंपनीची काही खैर नाही. म्हणजे ही सगळी व्यवस्था एका शब्दावर उभी. तो शब्द देणारा मोठा, श्रीमंत, कोर्टात खेचता येण्याजोगा आणि उद्याही जागेवर सापडणारा असतो, म्हणून ती चालते.

खाजगी आयातीत नेमका हा माणूस गायब होतो. मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेंझने ती ५०० एसईएल जर्मनीसाठी बनवली होती. अमेरिकेच्या मानकांबद्दल तिने कुणाला काही वचन दिलं नव्हतं. मग वचन कोण देणार? १९६६च्या कायद्याने यावर सरधोपट उत्तर दिलं होतं. मानकांत न बसणारी गाडी आणणाऱ्याने कस्टम्सकडे घोषणापत्र भरायचं, जामीन म्हणून बंधपत्र द्यायचं, १२० दिवसांत गाडीत हवे ते फेरफार करायचे आणि झाल्याची कागदपत्रं धाडायची. ही सोय होती जर्मनीतल्या छावणीतून बदलून येणाऱ्या सैनिकासाठी, हौशी प्रवाशासाठी. वर्षाला काही शे गाड्या गृहीत धरून बांधलेल्या साकवावरून साठ हजार गाड्या जाऊ लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. खात्यात फायलींचे ढीग साचले. अधिकारी गाडी बघत नव्हते, गाडीचे फोटो बघत होते. काही गॅरेजवाल्यांनी कामं चोख केली, काहींनी फक्त कागद चोख केले.

फेरफारांची यादी वाचली तर आधी हसू येतं. किलोमीटरचा वेगदर्शक काढून मैलांचा लावा. ब्रेकच्या इशारादिव्यावर चिन्ह आहे, तिथे इंग्रजीत ब्रेक हा शब्द हवा. किल्ली आत राहिली तर घंटी वाजली पाहिजे. बाजूंना पुढे पिवळा आणि मागे लाल दिवा. हेडलाइटची गोष्ट तर और. अमेरिकेने १९४० साली ठरवून टाकलं होतं, की हेडलाइट म्हणजे काच, आरसा आणि तार एकत्र बंद केलेला ठरावीक मापाचा गोळा. तो गेला की आख्खा बदलायचा. त्या काळी शहाणपणाचाच नियम होता तो, कारण खेड्यातल्या पंपावरही नवा गोळा मिळे. पण युरोपातले दिवे पुढे निघून गेले आणि नियम तिथेच बसून राहिला. सित्रोएन डीएसचे काचेआडचे दिवे चाक वळवलं की वळणाकडे मान फिरवत. अमेरिकेत पाठवताना कंपनीला ते काढून साधे उघडे गोळे लावावे लागले. १९८०च्या आसपास तर अशीही एक टूम निघाली, की वेगदर्शकावर ८५ मैलांच्या वरचा आकडाच छापायचा नाही. आकडा दिसला नाही की वेगही होणार नाही, असा तो हिशेब. दोनेक वर्षांत तो नियम गुंडाळला गेला.

पण याच यादीत काही कलमं हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. आडव्या धडकेत दार आत घुसू नये म्हणून १९७३पासून लागू झालेलं मानक. गाडी उलटल्यावर इंधन सांडू नये म्हणून घालून दिलेल्या अटी. दाराच्या मानकाची चाचणी तशी साधीच. पोलादी दंडगोलाने दार हळूहळू आत दाबत न्यायचं आणि ते किती जोराने विरोध करतं हे मोजायचं. चाचणी संपते तेव्हा दार मोडीत निघालेलं असतं.

गाठ इथे आहे. गाडी सुरक्षित आहे का हे कळण्यासाठी ती फोडावी लागते, आणि फोडली की चालवायला उरत नाही. लाखभर एकसारख्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला चार-पाच गाड्यांचा बळी देऊन उरलेल्यांबद्दल बोलता येतं. एकुलती एक गाडी आणणाऱ्याने काय करायचं? गॅरेजमध्ये वेल्डिंग केलेली पट्टी कारखान्यातल्या पट्टीइतकी पक्की बसली आहे का, हे तिच्याबद्दल कुणालाच, प्रामाणिक फिटरलाही, खात्रीने सांगता येत नाही. त्या गाडीच्या सख्ख्या भावंडावरून अंदाज बांधणं, एवढाच मार्ग उरतो.

कायदा बदलला तो मात्र या तात्त्विक पेचामुळे नाही. मर्सिडीजच्या अमेरिकेतल्या कंपनीचा आणि तिच्या विक्रेत्यांचा धंदा बुडत होता. शोरूममध्ये लाखो डॉलर गुंतवलेल्या विक्रेत्याच्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक तीच गाडी हजारो डॉलर स्वस्तात बाहेरून आणत होतं, आणि बिघडली की हक्काने याच्याच दारात उभी करत होतं. त्यांनी वॉशिंग्टनमध्ये जोर लावला, पैसाही ओतला. आयातदारांनी आपली संघटना काढून प्रतिकार केला, पण त्यांची ताकद ती केवढी! ३१ ऑक्टोबर १९८८ रोजी आयात वाहन सुरक्षा अनुपालन कायदा झाला आणि ३१ जानेवारी १९९०पासून अंमलात आला. प्रदूषण पाहणाऱ्या खात्याने आपले नियम त्याआधीच, १९८७-८८मध्ये, आवळले होते.

या कायद्याविषयी दोन गट आजही भांडतात. एक म्हणतो, हा मर्सिडीजने विकत घेतलेला कायदा. दुसरा म्हणतो, यामुळे लोकांचे जीव वाचले. माझ्या मते पहिला गट हेतूबद्दल बरोबर आहे, आणि तरीही कायद्याची रचना वाचताना दुसऱ्याचं म्हणणं टाकून देता येत नाही. डॉलर तर १९८५च्या सप्टेंबरात मोठ्या देशांनी तो उतरवण्यासाठी केलेल्या प्लाझा करारानंतर तसाही घसरत होता; १९८७ अखेर तो पुन्हा १.६ मार्कांच्या खाली आला. ग्रे मार्केटची हवा तिथेच गेली होती. कायदा आला तेव्हा रुग्ण अर्धाअधिक बरा झालेला होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने बघण्यासारखं आहे ते औषध.

त्या कायद्याचा गाभा मराठीत एका म्हणीत सांगता येतो. बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर. मूळ कंपनीचं वचन नसेल, तर त्या कंपनीच्या जागी उभं राहणारा कुणीतरी आण. या माणसाचं नाव नोंदणीकृत आयातदार. सामान्य नागरिकाला आता मानकांबाहेरची गाडी स्वतःच आणून स्वतःच दुरुस्त करता येत नाही. ती नोंदणीकृत आयातदारामार्फतच यायला हवी. तो गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचं बंधपत्र देतो. १२० दिवसांत फेरफार पुरे करतो, पुराव्यांसह दाखला धाडतो, आणि एनएचटीएसएकडून मोकळीक मिळेपर्यंत किंवा ३० दिवस उलटेपर्यंत गाडी ताब्यात ठेवतो. तोवर ती मालकाला द्यायची नाही, रस्त्यावर काढायची नाही. पुढे तिच्यात सुरक्षेचा दोष निघाला तर ती परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं हे ओझंही त्याच्याच डोक्यावर. उद्या दुकान बंद करून पळाला तर? म्हणून प्रत्येक गाडीमागे या दुरुस्तीसाठी वेगळी विम्याची तजवीज करावी लागते. वचन देणारा उद्याही जागेवर सापडला पाहिजे, ही १९६६ची अट अशा रीतीने मागच्या दाराने परत आली.

आणि भावंडाचं काय? तर कोणतीही गाडी आणता येत नाही. आधी ती पात्र ठरावी लागते. अमेरिकेसाठी बनलेल्या आणि तशी ग्वाही दिलेल्या एखाद्या मॉडेलशी ती बहुतांशी सारखी हवी. तसं भावंड अमेरिकेत नसेल, तर ती मानकांत बसवता येते हे चाचण्यांची माहिती देऊन सिद्ध करायचं. म्हणजे गाड्या फोडायच्या, आणि तो खर्च धनाढ्यालाच झेपतो.

एकाने तो केला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या एका आयातदाराने निस्सान स्कायलाइन या जपानी गाडीच्या चाचण्या करून घेतल्या. या गाडीवर अमेरिकेतली तरुण मुलं अक्षरशः जीव टाकत होती, आणि निस्सानने ती तिथे कधीच विकली नव्हती. त्या माहितीवरून एनएचटीएसएने १९९० ते १९९९ या काळात बनलेल्या स्कायलाइन पात्र ठरवल्या. काही वर्षांनी लक्षात आलं, की चाचण्या झाल्या होत्या फक्त आर ३३ या पिढीच्या. तिच्या आधीची आर ३२ आणि नंतरची आर ३४ यांची चौकट वेगळी, वागणं वेगळं. खात्याने निर्णय मागे घेतला आणि पात्रता १९९६ ते १९९८च्या आर ३३पुरती आखडली. चुलत भावंडाला सख्खं समजण्याची चूक खुद्द सरकारच्या हातून झाली होती, तीही कागद समोर असताना.

पोर्शे ९५९ची कहाणी याच्या उलट टोकाची. १९८०च्या दशकातली तंत्रज्ञानाची कमाल असलेल्या या गाड्या साऱ्या मिळून तीनशेच्या आसपास बनल्या. बिल गेट्स यांनी एक घेतली. अमेरिकेत आणली, तर मानकांच्या चाचण्यांसाठी चार गाड्या फोडायला हव्यात, आणि पोर्शे त्या द्यायला तयार नाही. ज्या माणसाला जगातली जवळजवळ कुठलीही वस्तू विकत घेता आली असती, त्याची गाडी वर्षानुवर्षं कस्टम्सच्या गोदामात धूळ खात पडली. अखेर १९९९मध्ये खास दुर्मिळ गाड्यांसाठी एक खिडकी उघडण्यात आली. ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्व असलेली, मोजक्या संख्येने बनलेली गाडी प्रदर्शनासाठी आणता येईल, रस्त्यावर काढता येईल, पण वर्षाला २,५०० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटरपेक्षा, जास्त चालवायची नाही. गाडी सुरक्षित झाली असं इथे कुणी म्हणत नाही. ती इतकी कमी फिरेल की चिंता करायची गरज नाही, असं म्हटलंय. मला हा नियम आवडतो, कारण तो खरं बोलतो.

सगळ्यांत मोठी पळवाट मात्र घोषणापत्राच्या पहिल्याच चौकटीत आहे. एचएस-७ नावाचा तो अर्ज आजही भरावा लागतो, आणि त्यातली पहिली चौकट विचारते, गाडी पंचवीस वर्षांहून जुनी आहे का? असेल, तर विषय संपला. पट्टी नको, दिवे नकोत, आयातदार नको. वय मोजायचं ते मॉडेलच्या वर्षावरून नाही, तर कारखान्यातून बाहेर पडल्याच्या महिन्यावरून. त्यामुळे शौकीन लोक गाडीचा जन्ममहिना पत्रिकेसारखा तपासतात. १९८९च्या ऑगस्टात बाहेर पडलेली आर ३२ स्कायलाइन २०१४च्या ऑगस्टात अमेरिकेत एकदम शुद्ध झाली. ती जुलैत धोकादायक होती आणि ऑगस्टात सुरक्षित झाली, असं अर्थातच नाही. उलट पंचवीस वर्षांत पत्रा गंजलाच असेल. सरकारने फक्त प्रश्न विचारणं थांबवलं.

रेषा आखली की ती खोडणारेही आलेच. लँड रोव्हरची डिफेंडर ही खडबडीत जीप अमेरिकेत १९९७पर्यंत विकली जात होती. पुढच्या वर्षापासून दोन्ही पुढच्या आसनांना एअरबॅग सक्तीची झाली आणि डिफेंडरने काढता पाय घेतला. मागणी उरली. मग जुन्या गाडीची चेसिस नंबरची पट्टी नव्या गाडीवर ठोकून वय वाढवण्याचे उद्योग सुरू झाले. आपल्याकडे जन्मतारखेचे दाखले बदलून मुलांना लहान करतात. इथे गाड्यांना म्हातारं करत. २०१३ साली न्यू जर्सीत कस्टम्सने अशी एक डिफेंडर यंत्राखाली चिरडली आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवली. २०००ची मिनी कूपर १९८८ची म्हणून आणणाऱ्याचीही तीच गत झाली. २०१४च्या जुलैत वेगवेगळ्या राज्यांत एकाच दिवशी चाळीसेक डिफेंडर जप्त झाल्या. त्यांचे मालक कोर्टात गेले आणि बऱ्याच जणांना गाड्या परत मिळाल्या. चेसिस नंबर, इंजिन, दारं, चौकट यांतलं नेमकं काय म्हणजे गाडी, हा वाद तिथे निघाला. तीस वर्षं जुन्या गाडीचे निम्मे भाग बदललेले असतात. तिचं वय कशावरून मोजायचं?

हल्ली हा वाद एका पिटुकल्या गाडीवरून पेटला आहे. जपानमध्ये ६६० सीसीच्या आतल्या छोट्या मालवाहू गाड्यांना केई ट्रक म्हणतात. सुझुकी कॅरी हे त्यांतलं ठळक नाव, म्हणजे आपल्या मारुती ओम्नीचं घराणं. पंचवीस वर्षं पुरी झालेले हे ट्रक अमेरिकन शेतकरी हजारो डॉलर वाचवून आणतात. केंद्राच्या कायद्याने ते पूर्ण वैध. पण गाडीला नंबर देणं हे तिथे राज्यांच्या हातात, आणि मेन, जॉर्जिया, ऱ्होड आयलंड यांसारख्या राज्यांनी म्हटलं, की चालकाचे गुडघे जिथे बंपरच्या जागी आहेत अशी गाडी आम्ही महामार्गावर येऊ देणार नाही. काही राज्यांनी आधी दिलेली नोंदणीही काढून घेतली. आरडाओरडा झाल्यावर मॅसॅच्युसेट्स आणि टेक्सास यांनी २०२४मध्ये माघार घेतली. ज्यांनी ओम्नीत पुढच्या सीटवर बसून घाट उतरलाय, त्यांना दोन्ही बाजू समजतील. ओम्नीही २०१९ साली बंद झाली ती नव्या धडक चाचण्यांत बसणार नाही म्हणूनच.

या सगळ्या व्यवस्थेशी परदेशातल्या मराठी माणसाची गाठ पडते ती कॅनडातून. टोरांटोची नोकरी सोडून न्यू जर्सीला निघालेलं कुटुंब घरसामानाबरोबर गाडीही घेऊन जाऊ म्हणतं. तीच होंडा, तोच कारखाना, सीमा ओलांडायची तेवढी. पण कॅनडाची मानकं वेगळी आहेत, बरीचशी सारखी असूनही वेगळी. दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी कॅनडाच्या मानकांचं बोलते, अमेरिकेच्या नाही. मग कंपनीकडून पत्र मिळवायचं, की ही गाडी अमेरिकेच्याही मानकांत बसते. ते मिळालं नाही तर नोंदणीकृत आयातदार गाठायचा. खरं सांगायचं तर आज या आयातदारांचा बहुतेक धंदा पोर्शे-स्कायलाइनवर चालत नाही, तो कॅनडाच्या अशाच साध्या गाड्यांवर चालतो. वेगदर्शक बदलायचा, चिकटपट्ट्या बदलायच्या, कागद भरायचे.

पुण्यात सकाळी फिरायला जाणारे लोक ज्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणतात, ते नाव तिच्यावरच्या संस्थेमुळे पडलं, हे त्यांतल्या सगळ्यांच्या लक्षात असतंच असं नाही. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ची, म्हणजे अमेरिकेच्या त्या कायद्याच्याच वयाची. आपण मात्र युरोपची वाट धरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाप्रमाणे गाडीचा नमुना एआरएआय किंवा तशाच मान्य संस्थेकडून तपासून घ्यायचा, मगच विक्री. नगरची लष्करी वाहनांची संशोधन संस्था व्हीआरडीई हीही त्यांतलीच. म्हणजे या विषयातली देशातली दोन मोठी घरं आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत.

तरीही परदेशी गाडी म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो कर. सचिन तेंडुलकरला २९व्या कसोटी शतकानंतर फेरारी मिळाली, तेव्हा महिनोन्महिने चर्चा चालली ती १ कोटी १३ लाखांच्या आयातशुल्काची. ते माफ करावं की नाही यावर घराघरांत तट पडले. शेवटी ते फियाटने भरलं. त्या गाडीचे दिवे डावीकडून चालणाऱ्या रस्त्याला जुळतात का, हे विचारल्याचं मला आठवत नाही. आपले नियम मात्र ते विचारतात. चाक उजवीकडे हवं, वेगदर्शक किलोमीटरचा हवा, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा डावीकडे झुकलेला हवा. नेमकी ही शेवटची अट रात्रीच्या मुंबई-गोवा रस्त्यावर किती मोलाची आहे, हे तिथे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

वयाच्या बाबतीत तर आपण अमेरिकेच्या बरोबर उलट. तिकडे पंचवीस वर्षांहून म्हातारी चालते. आपल्याकडे जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून मोठी नको, पुढची निदान पाच वर्षं ती रस्त्यावर धावण्यालायक हवी, आणि ती यायची ती मुंबई बंदरातूनच. उतरल्यावर तिची तपासणी पुण्यात एआरएआयकडे, नगरला व्हीआरडीईकडे किंवा मध्य प्रदेशात बुधनीला. बुधनीची संस्था मुळात ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रं तपासणारी. तिथे उभ्या केलेल्या परदेशी मोटारीचं चित्र मला फार आवडतं. अगदी प्राचीन गाड्यांना दार आहेच. पूर्वी १९५०च्या आधीच्या गाड्याच येत, २०२५मध्ये ती अट बदलून पन्नास वर्षांहून जुन्या अशी करण्यात आली. आणि २०१८पासून कंपन्यांना वर्षाला २,५०० गाड्या इथल्या चाचणीशिवाय आणायची मुभा आहे, मात्र त्या युरोप, जपान किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मानकांत बसलेल्या असाव्यात. म्हणजे दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेचा शब्द आपण मानतो. नमुन्याच्या चाचणीवर चालणाऱ्या देशालाही शेवटी कुणाच्या तरी शब्दावर यावं लागतंच.

१९८४ सालच्या त्या मर्सिडीज अजून धावतात. त्या आता चाळीशी ओलांडलेल्या, संग्राहकांच्या लाडक्या आहेत, आणि अमेरिकेतल्या जुन्या मर्सिडीजच्या मालकांमध्ये सध्या एक टूम आहे. अधिकृतरीत्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाडीचे जाडजूड बंपर आणि गोल गोळ्यांचे दिवे काढून टाकायचे, आणि जर्मनीहून मागवलेले सडपातळ बंपर व युरोपी दिवे बसवायचे. दारातल्या पट्टीला मात्र कुणी हात लावत नाही. ती दिसत नाही ना.